आप्पांच्या चाली आणि भिंतीतलं हमिंग

आप्पांच्या वहीत एकोणचाळीस अभंग आहेत, पण एकाचंही नोटेशन नाही. पहिल्या ओळीशेजारी पेन्सिलीनं एखादी खूण असते, ‘काळी दोन’ (पेटीची पट्टी), ‘संथ’, ‘ही दुसऱ्या पाळीतली’. तेवढंच. बाकी सगळी चाल त्यांच्या गळ्यात आणि बोटांत. चाळीस वर्षं त्यांनी माग चालवले, आधी दुसऱ्याच्या कारखान्यात आणि मग घराच्या खालच्या खोलीत स्वतःचे चार. यातल्या बऱ्याच चाली मागावर उभं असतानाच सुचल्या, म्हणून पाळीचा उल्लेख. माग विकले, पेटी राहिली.

गेल्या कार्तिकी एकादशीच्या भजनात ते एका अंतऱ्यावर थांबले. शब्द आठवत होते, चाल आठवत नव्हती. टाळकऱ्यांनी ठेका धरून ठेवला, आप्पांनी धृपद परत घेतलं आणि अभंग संपवला. मंडळात कुणाच्या लक्षात आलं नसेल. मी मात्र त्या रात्री झोपले नाही. तो अंतरा आजवर परत आलेला नाही. म्हणजे वहीत एकोणचाळीस, पण हातात अडतीस.

मोबाइलवर रेकॉर्ड करून बघितलं होतं. आप्पा गात असेपर्यंत ठीक, पण गाणं थांबवून नुसता पेटीचा सूर धरला की तो हळूहळू विरून जायचा, जणू कुणी भाता सोडून दिलाय. नंतर कळलं की फोन बोलणं नीट ऐकू यावं म्हणून बनवलेला असतो. एकसारखा चालू राहणारा आवाज त्याला पंख्याचा वाटतो आणि तो दाबून टाकतो. पेटीचा धरलेला सूर त्याच्या हिशेबी गोंगाट. आवाज मोठा झाला की फोन आपणहून पातळी खालीही ओढतो, त्यामुळं आप्पा वरच्या सुराला गेले की सगळं मागं सरकल्यासारखं वाटायचं. चढ चढासारखा राहायचाच नाही.

पुण्यात माझा आतेभाऊ गाणी रेकॉर्ड करतो. तो म्हणाला, “ताई, ऑडिओ इंटरफेस घे. दोन इनपुटवाला पुरे.” फेब्रुवारीत मी फोकसराइटचा स्कार्लेट टू-आय-टू मागवला. लाल रंगाचा, पोळीच्या डब्यापेक्षा लहान. आप्पा त्याला पहिल्या दिवसापासून ‘लाल डबी’ म्हणतात. माइकमधून येणारा विजेचा इशारा अगदी क्षीण असतो, काही मिलिव्होल्टचा. डबी तो वाढवते, सेकंदाला ४४,१०० वेळा मोजते आणि ते आकडे यूएसबीतून लॅपटॉपला देते. परतीच्या वाटेला आकड्यांचा पुन्हा आवाज करून हेडफोनला देते. एवढे वेळा मोजायचं कारण असं की माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि जेवढं पकडायचं त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे कापडाची पोत. इंचात धागे किती, तसं.” यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं.

माइक दोन. एक मंडळाचा, शुअरचा एसएम ५८, जाळीला पोचे आलेला. हे मॉडेल १९६६ पासून बाजारात आहे आणि आमचा नगही बऱ्याच दिंड्या फिरलेला. दुसरा मी नवा घेतला, कंडेन्सर जातीचा, बारीक आवाजही टिपणारा. त्याला चालायला ४८ व्होल्ट लागतात, ज्याला फँटम पॉवर म्हणतात. ते त्याच केबलमधून डबी पाठवते. यूएसबीतून तिला मिळतात ५ व्होल्ट, त्यांचे ४८ ती आत स्वतः करते. बटण दाबायचं राहिलं की कंडेन्सर मुका. पहिले वीस मिनिटं मी मुक्या माइकसमोर आप्पांना बसवून ठेवलं होतं.

जोडणी त्या मानानं लवकर झाली. कंपनीचा ड्रायव्हर टाकला, विंडोजच्या प्रायव्हसीत जाऊन मायक्रोफोनला परवानगी दिली, रेकॉर्डिंगसाठी रीपर घेतलं, जे साठ दिवस वापरून बघता येतं, आणि त्यात आवाजाचं यंत्र म्हणून ‘एएसआयओ’ निवडलं. ही निवड महत्त्वाची. विंडोजची नेहमीची वाट घेतली तर आवाज चार दारांतून फिरून येतो, एएसआयओतून थेट. ती पद्धत स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीनं १९९० च्या दशकात काढली आणि आजही विंडोजवर रेकॉर्डिंग करणारे बहुतेक जण तीच वापरतात. आधी डबी मी यूएसबी हबला लावली होती. आवाजात बारीक तडतड यायची. थेट लॅपटॉपच्या भोकात लावली आणि रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद ठेवलं, तडतड गेली.

आप्पांनी हेडफोन घातले, पेटीवर बोट ठेवलं आणि लगेच काढलं.

“माझा हात आधी जातोय, सूर मागनं येतोय.”

याला लेटन्सी म्हणतात. लॅपटॉप एकेक मोजमाप लगेच घेत नाही, ठरावीक आकड्यांची पेंढी बांधून घेतो. त्या पेंढीचं माप, म्हणजे बफर, माझ्याकडं १,०२४ वर होतं. सेकंदाला ४४,१०० च्या हिशेबानं ती भरायला २३ मिलिसेकंद लागतात, आणि जाताना एक, येताना एक. म्हणजे पन्नासच्या आसपास. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे पन्नास मिलिसेकंदांत सतरा मीटर. आप्पांना मी सांगितलं, की तुम्ही पेटी इथं वाजवताय आणि ऐकताय मात्र सतरा मीटर लांबून. ते म्हणाले, “दिंडीत मागं राहिल्यावर असंच होतं. पुढच्या टाळाला टाळ मिळवायला गेलं की आपला चुकतो. पायाकडं बघून वाजवावं लागतं.” बफर १२८ वर आणला तर एक पेंढी भरायला तीनच मिलिसेकंद लागतात, पण माझा जुना लॅपटॉप तेवढ्या घाईत धापा टाकतो. शेवटी उपाय डबीवरच होता. ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचं बटण दाबलं की माइकचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता सरळ हेडफोनला येतो. आप्पांनी परत बोट ठेवलं, आणि या वेळी काढलं नाही.

गेनचं, म्हणजे माइकचा इशारा किती वाढवायचा ते ठरवणारं बटण लावायला मात्र मला आठवडा लागला. तो दोष बटणाचा नाही. ‘गाऊन बघा’ म्हटलं की माणूस दबून गातो, आणि खरं गाणं सुरू झालं, दुसऱ्या अंतऱ्याला रंग भरला की दीडपट आवाजात जातो. मी तपासणीच्या आवाजावर पातळी लावायची आणि नेमका चढ फाटायचा. फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. लाटेचा माथाच कापला गेलेला असतो, तिथं काय होतं ते कुठंच लिहिलेलं नसतं. आता मी आप्पांना सरळ सगळ्यात वरचा चढ घ्यायला लावते आणि तो उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील (शून्य ही फाटायची हद्द) असं बघते. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर थोडं हळू ठेवल्यानं काही बिघडत नाही, नंतर वाढवता येतं. लाल दिवा लागेपर्यंत भरून घ्यायची सवय जुन्या कॅसेटच्या काळातली, जेव्हा टेपची सरसर वर यायची म्हणून आवाज भरभरून घ्यावा लागे.

इथपर्यंत जे सांगितलं ते कुठल्याही गावात झालं असतं. पुढचं आमच्या घरातलं.

आम्ही राहतो सोलापूरच्या पूर्व भागात. आमच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांची मागाची शेड आहे, टॉवेलचे माग. इथं वाढलेल्या माणसाला मागाचा आवाज ऐकू येत नाही, तो बंद पडला की ऐकू येतो. मी कंडेन्सर लावून हेडफोन घातले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपण कशात राहतो. धोटा इकडून तिकडं आदळतो तो खट, फणीचा धप्प, मोटारीची घरघर, आणि या सगळ्याखाली जमिनीतून येणारा एक थरथराट, जो कानाला कमी आणि छातीला जास्त जाणवतो.

पहिला विचार सगळ्यांनाच सुचतो, तसाच मलाही सुचला. भिंतींवर चादरी. सोलापुरात चादरींना काय तोटा! आठ चादरी टांगल्या. खोलीतला घुमारा कमी झाला, गाणं जवळ आलं, पण मागांचा आवाज तसूभरही हलला नाही. चादर वरचे, बारीक आवाज शोषते. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते, तिला बोटभर जाडीचं कापड लागतसुद्धा नाही. शिवाय कापड खोलीच्या आतला आवाज शोषतं, भिंतीपलीकडचा अडवत नाही. अडवायला वजन लागतं. चादरी मी काढल्या नाहीत, मात्र भिंतीला चिकटवून न टांगता वीतभर पुढं दोरीवर घेतल्या. त्यानं थोडा जास्त गुण येतो.

खरा फरक पडला तो दोन साध्या गोष्टींनी. माइकचा स्टँड आईनं शिवलेल्या जाड वाकळेची चार पदरी घडी करून तिच्यावर ठेवला, जमिनीचा थरथराट निम्म्याहून कमी झाला. आणि मी कंडेन्सर बाजूला ठेवून मंडळाचा जुना एसएम ५८ घेतला. हा माइक समोरून ऐकतो, पाठीमागून फार कमी. त्याची पाठ शेडच्या भिंतीकडं केली आणि आप्पांना वीतभर अंतरावर आणलं. आवाजाचं गणित असं, की अंतर निम्मं केलं तर पातळी सहा डेसिबलनं वाढते. आप्पा जवळ आले, माग होते तिथंच राहिले. नव्या महागड्या माइकसाठी मी पैसे साठवले होते, पण अशा घरात जुनाच कामाचा, हे सांगायला मला काही वाटत नाही. कंडेन्सर आता फक्त पेटीला लावते, तोही रात्री नऊनंतर.

मागांचा बंदोबस्त झाल्यावर खालून दुसरंच काहीतरी वर आलं. हमिंग.

घूंऽऽ असा एकसारखा आवाज, पांढरी पाचच्या किंचित वर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं हमिंग ५० आणि त्याच्या पटीत येतं, १००, १५०. आप्पांना तो आवाजापेक्षा बेसूर म्हणून जास्त छळायचा. “पेटी काळी दोनला लावलीय आणि कुणीतरी खाली भलताच षड्ज धरून बसलंय,” म्हणायचे. माइकच्या वाटेला ते बारीक होतं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा वायरनं दुसऱ्या इनपुटला जोडला की मात्र एवढं मोठं व्हायचं की तानपुराच नको वाटायचा.

तीन आठवडे मी चुकीच्या जागी शोधत होते. केबल बदलल्या. बाजारात करून घेतलेल्या एका केबलमध्ये पहिल्या पिनेचा, म्हणजे वरच्या जाळीचा डाग सुटलेला निघाला, तो दुरुस्त केला, थोडं कमी झालं. माइकच्या तीन पिनांच्या केबलमध्ये, म्हणजे एक्सएलआरमध्ये, तोच इशारा दोन तारांतून उलटसुलट पाठवतात. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्हीवर सारखा बसतो आणि डबीत वजाबाकी झाली की निघून जातो. मग तरी उरतंय ते कुठून येतंय? ट्यूबलाइट बंद केली, फ्रिज बंद केला, मोबाइल लांब ठेवला. एका साउंडवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, प्लगची तिसरी पिन काढून टाका, हमिंग लगेच जातंय. आम्ही सगळे तेच करतो.”

मी पक्कड घेऊन बसलेही होते. आप्पांनी ती हातातून काढून घेतली. “कारखान्यात मागाच्या लोखंडात करंट उतरलेला मी बघितलाय,” एवढंच म्हणाले. पुढं काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे, हमिंगसाठी अर्थची पिन कधीही काढू नका. माइक धातूचा असतो आणि गाणारा त्याला ओठ लावतो.

एक खूण मात्र मी रोज बघत होते आणि तिच्याकडं दुर्लक्ष करत होते. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या पत्र्यावर हात फिरवला की बारीक झिणझिण्या यायच्या. शहाबादी फरशीवर अनवाणी बसलं की जास्त. मला वाटायचं, लॅपटॉप जुना झालाय.

एप्रिलमधली दुपार. पारा बेचाळीसच्या वर, पंखा बंद, कारण रेकॉर्डिंग चालू. आप्पांनी आलाप सुरू केला आणि लाइट गेली.

शेडमधले सगळे माग एकदम थांबले. फ्रिज थांबला, तानपुरा थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, आणि डबीला यूएसबीतूनच वीज मिळत असल्यानं तीही चालू राहिली. आप्पा थांबले नाहीत. मी पडद्याकडं बघत होते. आवाजाची लाट डावीकडून उजवीकडं उमटत जाते, तिच्या मधोमध तोपर्यंत दोरखंडासारखा जाड पट्टा होता. लाइट गेली त्या क्षणापासून पुढं तो केसाएवढा झाला. मीटरवर शांततेची पातळी उणे ४८ च्या आसपास असायची, ती उणे ७० च्या खाली गेली. आप्पांनी डोळे मिटलेले होते. त्यांनी पूर्ण अभंग घेतला, तिन्ही अंतरे, न अडखळता. रस्त्यावरून एक भाजीवाली गेली, तेवढी तिची हाक त्यात आली आहे. ती मी काढलेली नाही.

तासाभरानं लाइट आली तेव्हा मी एकच गोष्ट करून बघितली. तानपुरा, माइक सगळं जागेवर ठेवून फक्त लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढला. हमिंग जवळजवळ गेलं. घातला, आलं. काढला, गेलं. माग चालूच होते, म्हणजे दोष त्यांचा नव्हता, तो भिंतीत होता.

मिस्त्री आले ते गल्लीतलेच, आप्पांना ओळखणारे. त्यांनी होल्डरला लावलेला दिवा घेतला. एक तार फेजला, दुसरी न्यूट्रलला, दिवा लागला. मग दुसरी तार न्यूट्रलमधून काढून अर्थच्या भोकात घातली. दिवा लागला नाही. “ताई, तिसऱ्या भोकात वायर हाय, पन ती जातीय कुटं ते बघावं लागंल.” ही परीक्षा घरी कुणी करू नये, तारा उघड्या असतात, ज्याचं काम त्यानंच करावं.

ती कुठंच जात नव्हती. घराचं अर्थिंग आणि खालच्या मागांच्या मोटारींचं अर्थिंग एकच होतं. सात वर्षांपूर्वी माग विकले, ती खोली भाड्यानं द्यायची म्हणून नवी फरशी बसवली, तेव्हा कुणीतरी त्या अर्थिंगची पट्टी कापून फरशीखाली गाडून टाकली. माग गेले तेव्हापासून घराला जमीनच नव्हती. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून थोडा करंट अर्थच्या तारेत उतरतो. उतरायला अर्थच नसेल तर तो लॅपटॉपच्या पत्र्यावर थांबून राहतो आणि वाट मिळेल तिकडून जातो, माझ्या हातातून, डबीतून, तानपुऱ्याच्या वायरमधून. झिणझिण्या आणि हमिंग एकाच गोष्टीची दोन रूपं होती.

परसात तुळशीपासून लांब खड्डा घेतला. वर वीतभर माती, खाली मुरूम, पहारीला ठिणग्या उडत होत्या. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि खड्याचं मीठ थराथरानं. कोळसा आणि मीठ ओल धरून ठेवतात, आणि ओल असेल तरच जमीन करंट घेते. सोलापूरच्या उन्हाळ्यात हाच अवघड भाग. नळाला पाणी रोज येत नाही, तिथं खड्ड्यात ओतायला कुठून आणायचं? आईनं मार्ग काढला. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि संध्याकाळी तिकडं ओतायचं. मिस्त्रींनी परत दिवा लावून दाखवला. या वेळी तो फेज आणि अर्थमध्ये लख्ख पेटला. मी लॅपटॉपच्या पत्र्यावर हात फिरवला, गार आणि गप्प.

माइकवरचं हमिंग पूर्ण गेलं. तानपुऱ्याच्या वाटेवर थोडं उरलं, कारण त्याचा ॲडाप्टर वेगळा आणि लॅपटॉपचा वेगळा, दोघांच्या अर्थमधून वेटोळं तयार होतं. दोन्ही एकाच बोर्डावर घेतले आणि मध्ये एक डीआय बॉक्स लावला. त्याच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, सूर पलीकडं जातो पण तारेचा तारेशी संबंध राहत नाही. त्यावरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण हे फक्त आवाजाच्या केबलची जाळी तोडतं, भिंतीतल्या अर्थला हात लावत नाही, म्हणून ते दाबायला हरकत नाही.

यानंतर काम भराभर चालेल असं वाटलं होतं. मे महिन्यात एका रात्री आम्ही चार अभंग केले, ऐकले, छान होते. सकाळी आप्पांना चहासोबत लावून दिले. दोन ओळी झाल्या आणि ते म्हणाले, “हे उतरलंय.”

मी म्हटलं, आप्पा, रात्री तुम्हीच ऐकलंत ना.

“रात्री काळी दोन होती. आता काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे बोलतीय. आणि मी एवढं रेंगाळून गात नाही.”

पेटी काढून त्यांनी दाखवलं. खरंच मध्ये होतं, कुठल्याच पट्टीवर नाही. दोन दिवस लागले उलगडायला. त्या संध्याकाळी मी डबीच्या सेटिंगमध्ये काहीतरी बघताना मोजणी ४८,००० वर केली होती. रीपर मात्र ४४,१०० समजून फाइल लिहीत होतं. रात्री ऐकताना डबी आणि रीपर दोन्ही तसेच चुकलेले होते, त्यामुळं चूक चुकीला मिळाली आणि बरोबर वाटलं. सकाळी लॅपटॉप नव्यानं सुरू झाला, डबी ४४,१०० वर आली आणि तीच फाइल सावकाश, खालच्या सुरात वाजू लागली. ४४,१०० भागिले ४८,०००, म्हणजे ०.९१९. सुरात मोजलं तर साधारण दीड अर्धस्वर, म्हणजे पेटीच्या दीड पट्ट्या. काळी दोनमधून दीड पट्टी काढा, काळी एक आणि पांढरी दोनच्या बरोबर मध्ये येतं. आप्पांनी हातात कपबशी धरून सांगितलेलं उत्तर गणितानं तंतोतंत तेच आलं. फाइलचा वेग १.०८८ पट केला, चारही अभंग आपल्या जागी परत आले. तेव्हापासून बसायच्या आधी मी दोन्हीकडचा आकडा मोठ्यानं वाचते, आणि आप्पा ‘हं’ म्हणतात.

त्याच कानांचं दुसरंही काही मला या कामात कळलं. मिक्स करताना आप्पा सारखे म्हणायचे, पेटी दबलीय, टाळ खुले नाहीत, जरा उघडा कर. मी वरचे सूर वाढवत जायचे. त्यांना बरं वाटेपर्यंत ते माझ्या कानाला टोचायला लागायचे, आणि पुण्याहून आतेभाऊ विचारायचा, एवढं कर्कश का केलंयस? शेवटी मी आप्पांना कान तपासायला नेलं. ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात ऐकू येणं बरंच कमी झालेलं. सततच्या मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसांचं तिथूनच जातं, ४,००० च्या आसपास आलेखात खड्डा पडतो. चाळीस वर्षांचे माग. त्यांच्या काळात कानात कापसाचा बोळासुद्धा कुणी घालत नसे. तो कागद आप्पांनी बराच वेळ बघितला आणि विचारलं, “मग सूर कसा कळतो मला?” डॉक्टर म्हणाले, पेटीचे मूळ सूर या पट्ट्याच्या बरेच खाली असतात, तिथं तुमचे कान तरुणासारखे आहेत.

आता आम्ही वाटणी केली आहे. सूर, लय, शब्द, कुठला टेक ठेवायचा, हे आप्पा ठरवतात. टाळ किती खुले आणि ‘स’ किती टोचतो, ते मी ठरवते. त्यांच्या हेडफोनला मी वरचे सूर वाढवून देते, फाइलमध्ये मात्र तसेच ठेवते.

आजवर बावीस झाले. अडतीसपैकी. हरवलेल्या अंतऱ्यासाठी मी मंडळातल्या जुन्या टाळकऱ्यांना एकेक करून घरी बोलावते आहे. दोघांना पहिली ओळ थोडी थोडी आठवली, दोन्ही वेगवेगळ्या. दोन्ही रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत.

आता हमिंग नाही, चार्जर लावून कधीही बसता येतं. तरीही दुपारी लाइट गेली आणि शेड गप्प झाली की आतल्या खोलीतून पेटीच्या पेटाऱ्याची कडी वाजते. मग आप्पांची हाक येते, “अगं, लाल डबी आण.”